न लंगडणाऱ्या घोड्याचा स्कॅन

टांगेवाल्याचा नातू | रविवार, रात्री १०.४०

आजोबांचा टांगा नाशिकरोड स्टेशन ते पंचवटी चालायचा. माझ्या वाट्याला त्याची शेवटची चार-पाच वर्षंच आली, पण एक गोष्ट डोळ्यांपुढून जात नाही. सकाळी जुंपायच्या आधी आजोबा चांदणीच्या चारही पायांवरून हात फिरवायचे. तळहात नव्हे, हाताची पाठ. गुडघ्याखालच्या नळीवरून सावकाश खुरापर्यंत, मग लगेच दुसऱ्या पायावरून तसंच. "काय बघता?" विचारलं तर म्हणाले, "ताप." घोडीला ताप आलाय? "घोडीला नाही रे, पायाला."

हे आज आठवायचं कारण म्हणजे मेव्हण्याच्या आग्रहाखातर आयुष्यात पहिल्यांदा घोड्यांची शर्यत बघायला गेलो होतो. (कुठे ते सांगत नाही, मुद्दा तो नाही.) चौथ्या शर्यतीत शेवटच्या सरळ टप्प्यात एक घोडा एकदम मागे पडला. जॉकीने लगाम खेचला, उडी मारून उतरला. घोडा तीन पायांवर उभा. पुढच्या डाव्या पायाचा खुराच्या वरच्या सांध्याखालचा भाग नुसता लोंबत होता. दोन मिनिटांत माणसं हिरवा पडदा घेऊन आली आणि पुढचं काही दिसलं नाही. पाचवी शर्यत ठरल्या वेळेला सुटली. शेजारचे गृहस्थ पुस्तकात खुणा करत म्हणाले, "नशीब हो, चांगला घोडा होता."

मी गेली अठरा वर्षं गंगापूर रोडवरच्या एका सेंटरवर सीटी आणि एमआरआय मशीन चालवतो. त्यामुळे 'नशीब' काही पचलं नाही. घरी येऊन वाचत बसलो. जे कळलं ते माझ्या भाषेत मांडतो, चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

पहिली गोष्ट, हे हाड त्या दिवशी मोडत नाही. ते आधीपासून मोडत आलेलं असतं. ४५०-५०० किलोचा घोडा चौखूर धावताना एका क्षणी एकट्या पुढच्या पायावर शरीराच्या सुमारे अडीच पट भार घेतो. हाडात सूक्ष्म चिरा पडतात. शरीर त्या जागेचं जुनं हाड खरवडून काढतं आणि नवं भरतं. खरवडणं पटकन होतं, भरणं सावकाश. मधल्या काळात ती जागा पोकळ, आणि नेमकं तेव्हाच घोड्याला भरधाव पळवलं की संपलं. कॅलिफोर्नियात १९९० पासून रेसकोर्सवर मेलेल्या घोड्यांचं शवविच्छेदन करण्याची पद्धत आहे. त्यात बहुतेक जीवघेण्या फ्रॅक्चरच्या जागी जुनी इजा आधीपासून असल्याचं सापडत आलंय.

दुसरी, एक्स-रे इथे तोकडा पडतो. हाडातलं तिसऱ्या हिश्श्याइतकं खनिज गेल्याशिवाय त्याला फरक दिसत नाही, शिवाय सगळ्या सावल्या एकावर एक. माणसाच्या बाबतीतही आम्ही हे रोज बघतो. पोलीसभरतीची तयारी करणारी पोरं नडगी दुखते म्हणून येतात, एक्स-रे स्वच्छ, एमआरआयमध्ये हाड आतून सुजलेलं. घोड्यांतही तेच, फरक एवढाच की पोरगा "दुखतंय" म्हणतो.

तिसरी गोष्ट वाचून मी खुर्चीवरून उठलो. घोड्याला माणसासारखं आडवं करून स्कॅन करायचं तर पूर्ण भूल द्यावी लागते आणि भुलीमुळे शंभरातला एखादा घोडा दगावतो. निरोगी दिसणाऱ्या घोड्याच्या 'तपासणी'साठी एवढा धोका कोण घेईल? म्हणून खरी क्रांती उभ्या घोड्याच्या मशीनची. उभ्याने काढायचा एमआरआय ०.२७ टेस्लाचा असतो (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक). माझं मशीन १.५ टेस्लाचं, म्हणजे त्याच्यापुढे हा दुबळाच. पण इंग्रजी यू आकाराचा चुंबक गुंगीतल्या घोड्याच्या पायाभोवती सरकवायचा, घोडा मान खाली घालून डुलक्या घेतोय आणि आपण चित्र काढतोय! घोडा जरा हलला की मालिका पुन्हा पहिल्यापासून, हे मात्र न वाचताही सांगू शकतो.

आणि सगळ्यात नवं म्हणजे पेट स्कॅन. अमेरिकेतल्या सांता अनिता रेसकोर्सवर २०१८-१९ च्या हंगामात सहा महिन्यांत ३० घोडे गेले, मोठा गदारोळ झाला. डिसेंबर २०१९ मध्ये तिथे उभ्या घोड्याच्या पायाचं पेट मशीन बसलं, जगातलं पहिलं. यूसी डेव्हिस विद्यापीठातल्या मॅथ्यू स्प्रीट यांच्या गटाने २०१५ पासून यावर काम केलं होतं. सोडियम फ्लोराइडमधला किरणोत्सारी फ्लोरिन हाडाची जिथे डागडुजी चालू आहे तिथे जाऊन बसतो आणि ती जागा चमकते. सीटी हाडाचा आकार दाखवतो, पेट हाडात आत्ता काय चाललंय ते दाखवतो. मशीनचं कडं उघडतं, म्हणजे घोडा बिथरला तर पाय काढून घेऊ शकतो.

थोडक्यात, आजोबांची हाताची पाठच. फक्त हाडाच्या आतपर्यंत पोचणारी. इथे कुणी घोड्यांचे डॉक्टर आहेत का?

---

दोन पाव जास्त | रविवार, रात्री ११.१५

वरातीतल्या घोड्याचा पण काढा राव स्कॅन. आमच्या सिडकोत डीजेपुढे दोन-दोन तास नाचवतात. आणि स्कॅनचा रिपोर्ट येईपर्यंत वरात पोचलेली असते, म्हणजे शब्दशः वरातीमागून घोडं!

(लेख मस्त. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.)

---

गोदाकाठची | सोमवार, सकाळी ७.२०

लेख चांगला लिहिलाय, पण मूळ प्रश्नाला बगल दिलीय. पडद्यामागे जे झालं ते थांबवायचा सोपा उपाय आहे, शर्यती बंद करा. पायावर कोट्यवधींचं मशीन लावून जुगाराला सभ्य चेहरा द्यायचा हा प्रकार वाटतो मला. आणि मोडला पाय तर प्लास्टर घालून जगवत का नाहीत? माणसाला घालतो ना?

---

निवृत्त नाडीपरीक्षक | सोमवार, सकाळी ९.०५

नातूसाहेब, हाक मारलीत म्हणून लिहितो. मी पशुवैद्यक. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलो, नोकरीची बरीच वर्षं शर्यतीच्या घोड्यांत गेली, आता इंदिरानगरला नातवंडं सांभाळतो.

आधी ताईंचा प्रश्न. घोडा आडवा पडून महिनोन्महिने राहू शकत नाही. उभा राहतो तर मोडक्या पायाचा भार शेजारच्या चांगल्या पायावर पडतो आणि त्या खुराच्या आतलं नाजूक अस्तर हाडापासून सुटायला लागतं. त्याला लॅमिनायटिस म्हणतात, वेदना भयंकर. अमेरिकेतला बार्बारो नावाचा घोडा आठवतो? २००६ ची केंटकी डर्बी जिंकला, दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत मागचा उजवा पाय फुटला. पैशाची, डॉक्टरांची कमी नव्हती. शस्त्रक्रिया झाली, हाड भरूनही येत होतं. जानेवारी २००७ मध्ये शेवटी झोपवावा लागला, तो खुरांपायी. म्हणून आमच्या धंद्यात उपचारापेक्षा आधी ओळखणं हाच उपचार.

आता माझी एक गोष्ट सांगतो, बऱ्याच वर्षांपूर्वीची. एक चार वर्षांची घोडी होती. तिची निगा राखणारा सईस मला म्हणाला, "साब, आज पाय उचलताना कान मागे घेतला." एवढंच. मी चालवून बघितली, दुडकीत पळवून बघितली, लंगडत नव्हती. सांध्याला किंचित ऊब, सूज नाही. एक्स-रे काढला, दोन बाजूंनी. स्वच्छ. ट्रेनर माझ्याकडे बघत उभा, शर्यत पाच दिवसांवर. मी 'फिट' लिहिलं.

पुढचं तुम्ही पडद्याबाहेरून बघितलंत, मी आतून बघितलं. नंतर हाड कापून पाहिलं तेव्हा मोडलेल्या कडेला जुना भाग वेगळा कळत होता, जुन्या लाकडाला रंग वेगळा असतो तसा. तो सईस त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायचा.

तेव्हा आमच्याकडे सीटी असता तर? कदाचित दिसलं असतं. पण खरं सांगू, ज्या माणसाने सगळ्यात आधी ओळखलं त्याच्याकडे काहीच मशीन नव्हतं. तो रोज खरारा करायचा, बस.

---

अणुरेणू | सोमवार, दुपारी १.३०

डॉक्टरकाका, दंडवत. वाचून गप्प झाले.

मी पेट-सीटीवर काम करते, नाशिकमध्येच, माणसांच्या. धाग्यात पेटचं वाचून लगेच मनात आलं की आपल्याकडे घोडं पेंड खातं ते इथे. फ्लोरिन-१८ चं, म्हणजे त्याच किरणोत्सारी फ्लोरिनचं, अर्धं आयुष्य ११० मिनिटांचं, तेवढ्या वेळात तो निम्माच उरतो. तो सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनतो, साठवून ठेवता येत नाही. (देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन मुंबईत परळलाच, २००२ साली.) आमचा डोस पहाटे मुंबईहून शिशाच्या डब्यात गाडीने निघतो. दाराशी यायला पावणेचार तास लागले तर दोन अर्धआयुष्यं संपली, म्हणजे तिकडून चार भाग निघाले तर इकडे एक भाग पोचला. कसाऱ्याला ट्रक आडवा झाला की मी यादीतल्या शेवटच्या पेशंटला फोन करते, "आजोबा, आज नका येऊ, खाऊन घ्या." समृद्धीमुळे बरं झालंय, पण घड्याळ काही थांबत नाही.

तेव्हा घोड्यांचं पेट जमेल तर मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणीच. जुना बोन स्कॅन, म्हणजे टेक्नेशियमवाला, त्याचं अर्धं आयुष्य सहा तासांचं. तो घोड्यांत कितीतरी वर्षं वापरतात. चित्र ढोबळ येतं, पण कमरेच्या हाडासारख्या जागी, जिथे एक्स-रे पोचवणं कठीण, तिथे कामाचा. फक्त त्यानंतर घोड्याला वेगळ्या ठाणावर बांधून ठेवावं लागतं, कारण त्याचं मूत्रही किरणोत्सारी. आमच्याकडे पेशंटला "वेगळं बाथरूम वापरा" सांगतो, घोड्याला कसं सांगणार!

---

यारातीरी | सोमवार, दुपारी ४.५०

मूळचा नाशिकचा (भद्रकाली), सध्या मेलबर्न. हा विषय इथे दर नोव्हेंबरला पेटतो, म्हणून लिहितो.

मेलबर्न कप ३२०० मीटरचा, नोव्हेंबरचा पहिला मंगळवार, आख्ख्या शहराला सुट्टी. इंग्लंडची डर्बी जिंकलेला अँथनी व्हॅन डाइक २०२० च्या कपातच पाय मोडून गेला. त्याआधीच्या वर्षांतही बाहेरून आलेले घोडे गेले होते. मग २०२१ पासून परदेशी घोड्यांना सीटी स्कॅन सक्तीचा केला. मेलबर्नजवळ वेरिबीला उभ्या घोड्याचं सीटी मशीन आहे, तिथे पाय तपासल्याशिवाय शर्यतीत उतरता येत नाही.

खरी मजा २०२४ ला झाली. आयरिश ट्रेनर एडन ओब्रायनचा यान ब्रुगल हा घोडा आला. इंग्लंडची सेंट लेजर शर्यत जिंकलेला, एकही शर्यत न हरलेला. स्कॅनमध्ये हाडात काहीतरी दिसलं, पॅनेल म्हणालं इजेचा धोका वाढलेला आहे, घोडा बाद. घोडा लंगडत नव्हता, रोज व्यवस्थित पळत होता. ओब्रायन भयंकर चिडले. जून २०२५ मध्ये तोच घोडा इंग्लंडमध्ये एप्समला कोरोनेशन कप जिंकला.

आता सांगा, स्कॅन चुकला की बरोबर? माझ्या ऑफिसात अजून यावर भांडणं होतात.

---

दोन पाव जास्त | सोमवार, संध्याकाळी ६.००

चुकला की! सात महिन्यांनी जिंकला म्हणजे पायाला काही झालंच नव्हतं.

---

टांगेवाल्याचा नातू | सोमवार, रात्री ९.४५

असं नाही म्हणता येणार. स्कॅन 'मोडणार' असं म्हणत नाही, 'धोका जास्त' म्हणतो. त्या मंगळवारी पळवला असता तर कदाचित काहीच झालं नसतं. किंवा त्याच सात महिन्यांत हाड भरलं आणि म्हणून तो एप्समला पळू शकला. थांबवलेल्या घोड्याचं हेच तर दुखणं आहे, काय टळलं ते दाखवता येत नाही. मोडलेलं दाखवता येतं.

आमच्याकडेही "काही निघालं नाही, उगाच खर्च" म्हणणारे नातेवाईक रोज भेटतात. निघालं असतं तर आणखी चिडले असते, ते सोडा.

डॉक्टर, मला तुमच्या गोष्टीत एक्स-रेपेक्षा "ट्रेनर माझ्याकडे बघत उभा" हे जास्त टोचलं. सीटी असता आणि त्यात अर्धवट काही दिसलं असतं, तर 'अनफिट' लिहिलं असतंत? खरं सांगा. आगाऊपणा वाटला तर माफ करा.

---

निवृत्त नाडीपरीक्षक | सोमवार, रात्री ११.३०

आगाऊपणा नाही, नेमका प्रश्न आहे.

माझा पगार कोण देतं यावर ते होतं. घोड्याच्या मालकाने नेमलेला डॉक्टर असतो तर अर्धवट दिसलेल्या गोष्टीवर मी "बघू या" म्हणालो असतो. मेलबर्नला जमतं, कारण 'नाही' म्हणणारं पॅनेल मालकाचं मिंधं नाही. ओब्रायनसारखा माणूस चिडला तरी त्यांचं काही बिघडत नाही. मशीन विकत घेता येतं, ही रचना उभी करायला वेळ लागतो.

आणखी एक. मशीन असलं तरी सगळ्या घोड्यांचा रोज स्कॅन होणार नाही. मग कोणाचा करायचा? हल्ली खोगिराखालच्या कापडात सेन्सर ठेवतात, धावताना चालीतला बारीक फरक टिपतात. डोळ्याला न दिसणारं लंगडणं त्यात कळतं, मग त्याच घोड्याला पुढे पाठवायचं. माझ्या त्या घोडीच्या वेळी हा सेन्सर कानाच्या रूपाने होता. मी तो वाचला नाही.

दुखणं दाबायची औषधं हा तिसरा घोळ. सुई दिली की चाल सरळ, पण हाड तिथेच.

---

गोदाकाठची | मंगळवार, सकाळी ७.५०

डॉक्टरकाका, तुम्ही हे सगळं उघडपणे लिहिलंत याबद्दल आदर आहे. माझं मत बदललं नाही, पण रागाची दिशा थोडी बदलली. ज्या सईसाने ओळखलं त्याच्या शब्दाला कागदावर जागाच नव्हती, हे जास्त लागलं.

बाकी, या सगळ्याने आकडे कमी झाले का? का नुसतं समाधान?

---

यारातीरी | मंगळवार, सकाळी १०.१०

अमेरिकेचे आकडे जाहीर असतात. २००९ मध्ये हजार धावांमागे (घोडा एकदा शर्यतीत उतरला की एक धाव) २.०० मृत्यू होते, २०२३ मध्ये १.३२. नव्या राष्ट्रीय प्राधिकरणाखालच्या मैदानांवर २०२४ मध्ये ०.९०. हे एकट्या स्कॅनचं श्रेय नाही. मैदानाची माती, औषधांवर बंदी, शर्यतीआधीची तपासणी असं सगळं मिळून आहे. आणि हे सरळ उतरत गेलं असंही नाही, २०२३ लाच चर्चिल डाउन्स मैदानावर महिनाभरात १२ घोडे गेले आणि पुढच्या शर्यती दुसऱ्या मैदानावर हलवाव्या लागल्या.

---

पागेवाला | मंगळवार, रात्री ८.३०

राम राम मंडळी. मी येवल्याचा. दोन दिवस वाचतोय, आज खातं उघडलं.

आमच्या मंगळवारच्या बाजारात मशीन नाही, पण पाय बघायची रीत आहे. घोडा कडक जमिनीवर दुडक्या चालीत पळवायचा आणि डोळे मिटून टापा ऐकायच्या. ठेका चुकला की सौदा मोडला. मग डोळे उघडून मान बघायची, दुखरा पुढचा पाय टेकताना मान वर जाते. डॉक्टरसाहेब सुईचं बोलले ते शंभर टक्के खरं. एकदा एका व्यापाऱ्याकडून घेतलेली घोडी बाजारात मोरासारखी चालली, तिसऱ्या दिवशी ठाणावरून हलेना.

आता कामाचं. आमच्याकडे पाडव्याला घोडे पळवतात. माझी राणी तीन वर्षं पळतेय. काल धागा वाचल्यावर नातूसाहेबांच्या आजोबांसारखी हाताची पाठ फिरवली. उजव्या पुढच्या पायाला, खुराच्या वरच्या सांध्याच्या वर चार बोटं, डाव्यापेक्षा ऊब जास्त वाटते. सूज नाही. लंगडत नाही. खातेपिते. आज सकाळी परत बघितलं, तसंच. पाडवा पंधरा दिवसांवर. काय करू?

---

निवृत्त नाडीपरीक्षक | मंगळवार, रात्री ९.१०

पागेवाले, आधी पळवणं बंद. डांबरावर तर अजिबात नाही. उद्या सकाळी, उन्हात न बांधता, फिरवायच्या आधी पुन्हा हात लावून बघा. उन्हात उभ्या घोड्याचा एक पाय उगाच गरम लागतो. नंतर त्या जागी अंगठ्याने बेताने दाबा आणि तोंडाकडे बघा, पायाकडे नको. कान मागे गेला किंवा पाय ओढून घेतला तर तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकांना बोलवा. एक्स-रे काढताना चारही बाजूंनी काढायला सांगा, माझ्यासारखं दोनवर भागवू नका. आणि स्वच्छ आला तरी दहा-चौदा दिवसांनी परत काढायचा. चिरेच्या कडेचं हाड झिजतं तेव्हा ती रेघ दिसायला लागते, पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही.

---

टांगेवाल्याचा नातू | मंगळवार, रात्री ९.२५

एक्स-रेचे फोटो उजेडावर धरून मोबाइलने काढू नका, मूळ फाइल मागून घ्या. डॉक्टरांना ती उघडून बघता येईल.

---

पागेवाला | बुधवार, सकाळी ८.१५

हात लावला. ऊब आहे. दाबलं तर कान मागे.

तालुक्याच्या डॉक्टरांना फोन केला, दुपारी येतायत. ते म्हणतात मशीन आणतो, चारही बाजूंनी काढू. चौदा दिवसांनी परत म्हणजे पाडवा गेलाच यंदाचा.

राणी घरची आहे, पण पळवायचा मान काकांचा. काका म्हणतात, लंगडत नाही तर काय झालंय तिला, तीस वर्षं घोडे पळवतोय मी. त्यांच्यापुढे आमच्या घरात कुणी बोलत नाही. डॉक्टरसाहेब, तुमचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तुम्हीच बोला त्यांच्याशी.